गुठळी, डुक्कर आणि आपद्धर्म

गुडघ्याची वाटी बदलली की दुसऱ्या दिवशीच फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन खाटेशी हजर होतो. त्याच्या आगेमागे, ठरलेल्या वेळी, सिस्टर एक छोटी, आधीच भरलेली सिरिंज घेऊन येतात. बेंबीपासून दोन इंच बाजूला पोटाच्या कातडीची घडी चिमटीत धरायची, सुई सरळ उभी आत घालायची, औषध सावकाश सोडायचे आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. आतला हवेचा बुडबुडा आधी काढून टाकायचा नाही. काढायला गेले की औषधाचे थेंब वाया जातात. नंतर जागा चोळायचीही नाही, नाहीतर काळेनिळे पडते. चाळीस मिलिग्रॅम एनॉक्सापॅरिन, सगळे मिळून ०.४ मिलिलिटर. दोन-तीन दिवसांत घरची सून किंवा मुलगा हे शिकून घेतो आणि उरलेल्या सुया घरीच टोचल्या जातात. गुडघा असेल तर दहा ते चौदा दिवस, खुबा असेल तर पस्तीस दिवसांपर्यंत.

या सिरिंजमधले औषध डुकराच्या आतड्यापासून बनते. खोक्यातल्या पत्रकावर ते बहुधा लिहिलेलेही असते, पण बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

सुई चुकवून चालत नाही, हे आधी मान्य करायला हवे. रक्ताची गुठळी का होते याची तीन कारणे रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्याच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून सांगितली जातात: प्रवाह मंदावणे, शिरेच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणे. सांधेबदलात तिन्ही एकदम घडतात. पाय निश्चल पडलेला असतो, हाडावर करवत चाललेली असते आणि जखमेला उत्तर म्हणून शरीर गोठण्याची सगळी यंत्रणा जागी करते. प्रतिबंधक औषध न देता केलेल्या जुन्या चाचण्यांत, शिरांमध्ये रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले तेव्हा चाळीस ते साठ टक्के रुग्णांच्या पायांत गुठळ्या सापडल्या. बहुतेक आपोआप विरघळणाऱ्या, त्रास न देणाऱ्या. पण एखादी सुटते, हृदयातून पुढे सरकून फुप्फुसाच्या धमनीत अडकते, आणि उद्या घरी जायचे म्हणून पिशवी भरून बसलेला माणूस काही मिनिटांत जातो. ही भीती खरी आहे. म्हणूनच धर्माचा प्रश्न इथे गंभीर होतो. सर्दीच्या गोळीबद्दल कोणी एवढा विचार करत नाही.

एनॉक्सापॅरिन ज्यापासून बनते त्या हेपॅरिनला आधी डुकराशी काही देणेघेणे नव्हते. १९१६ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रक्त गोठवणारे पदार्थ शोधत होता. त्याला कुत्र्याच्या यकृतात नेमका उलटा, गोठणे थांबवणारा अर्क मिळाला. त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांनी पुढे अशा पदार्थाला हेपॅरिन हे नाव दिले. १९३० च्या दशकात टोरांटोच्या कॉनॉट प्रयोगशाळेत ते शुद्ध स्वरूपात बनू लागले तेव्हा कच्चा माल होता गुरांचे यकृत आणि मग फुप्फुस. म्हणजे त्या काळी एखाद्या सनातनी हिंदूला ही सुई टोचली असती तर प्रश्न गोमांसाचा निघाला असता. पुढे डुकराचे आतडे स्वस्त आणि सोयीचे ठरले. मग गुरांमधला ‘मॅड काऊ’ रोग आला आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारातून गुरांचे हेपॅरिन गेले. गाय गेली, डुक्कर राहिले. ब्राझील आणि अर्जेंटिनात मात्र गुरांचे हेपॅरिन वापरात राहिले.

आज जगातले निम्म्याहून अधिक हेपॅरिन चीनमधल्या डुकरांपासून येते. कत्तलखान्यातून आलेल्या आतड्यांचे आतले अस्तर खरवडून काढतात, विकरांनी त्यातली प्रथिने मोडतात, आयन पकडणाऱ्या राळेवर हेपॅरिन अडकवतात, मग रसायनांनी विरंजन करून अल्कोहोलमध्ये त्याची पांढरी भुकटी खाली बसवतात. एनॉक्सापॅरिनसाठी हीच लांब साखळी अल्कलीने तोडून आखूड करतात. २००८ साली या साखळीत कोणीतरी स्वस्तातले भेसळीचे रसायन मिसळले आणि अमेरिकेत अनेक रुग्ण दगावल्याच्या नोंदी झाल्या. तेव्हापासून तपासण्या कडक झाल्या. डुकराच्या मालात गाय किंवा मेंढी मिसळलेली नाही ना, हे डीएनए तपासून पाहतात. प्राण्याची जात कोणती, याची चौकशी औषध कंपन्या कोणत्याही सोवळ्या घरापेक्षा जास्त काटेकोरपणे करतात, ही यातली गंमत.

आता माळकरी आजी, जैन व्यापारी आणि कोकणी मुसलमान शिक्षक एकाच वॉर्डात शेजारी शेजारी आहेत असे समजू. तिघांनाही खरे कळले तर तिघेही चपापतील. डॉक्टरांना वाटेल, तिघांचा आक्षेप एकच. तसे नाही. एक आक्षेप वस्तूवर असतो: हा पदार्थ अपवित्र आहे, तो माझ्या शरीरात नको. दुसरा कृतीवर असतो: यासाठी जीव मारला गेला, त्या हिंसेत माझा वाटा नको. पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्रात शोधता येते, दुसऱ्याचे मुळीच नाही. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ही दोन्ही सूत्रे इतकी पिळलेली असतात की ‘आम्हाला चालत नाही’ या एका वाक्यात नेमके काय चालत नाही हे बोलणाऱ्यालाही सांगता येत नाही. ज्याला आपण बाटणे म्हणतो त्यात किळस, कुळाचार, भूतदया आणि शेजारी काय म्हणतील, हे सगळे असते. वराह हा विष्णूचा अवतार आहे हे मात्र त्या वेळी कोणाला आठवत नाही.

वस्तूच्या अपवित्रपणाचा सर्वांत बारीक विचार इस्लामी न्यायशास्त्राने केला आहे. तिथे इस्तिहाला नावाची संकल्पना आहे: पदार्थाचे स्वरूपच पालटले तर त्याचा हुकूमही पालटतो. दारूचे आपोआप व्हिनेगर झाले तर ते हलाल, यावर सगळे सहमत. हनफी पंथाचे जुने उदाहरण याहून धीट आहे: गाढव मिठाच्या खाणीत पडले आणि काळाने त्याचेच मीठ झाले, तर ते मीठ खायला हरकत नाही. शाफई पंथ इतका उदार नाही. तो रूपांतराची सूट मोजक्या गोष्टींपुरती ठेवतो. महाराष्ट्रात या भेदाला भूगोल आहे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई, तर मालेगाव-औरंगाबादकडचे बहुसंख्य हनफी. म्हणजे एकाच सुईबद्दल खेडच्या आणि मालेगावच्या रुग्णाला आपापल्या मौलवींकडून वेगळी उत्तरे मिळू शकतात, आणि दोन्ही शास्त्रशुद्ध असतील.

पण हेपॅरिनचे खरोखर रूपांतर झाले आहे का? १९९५ साली कुवेतमध्ये भरलेल्या धर्मशास्त्री व वैद्यांच्या परिषदेने डुकराच्या हाडा-कातड्याचे जिलेटिन पुरेसे पालटलेले म्हणून मान्य केले. हेपॅरिनचे तसे सोपे नाही. ती साखरेच्या कणांची साखळी डुकराच्या आतड्यात जशी असते तशीच कारखान्यातून बाहेर येते. एनॉक्सापॅरिनमध्ये फक्त तिचे तुकडे होतात. मीठ झालेल्या गाढवात गाढव उरत नाही. इथे हवा असलेला रेणू डुकराचाच आहे, धुऊन-पुसून घेतलेला. उलट बाजूने असेही म्हणता येते की हेपॅरिन माणसाच्याही पेशींमध्ये तयार होते, आपल्या त्वचेखालच्या मास्ट पेशींत ते साठवलेले असते. मग परके काय आणि आपले काय? रसायनशास्त्राला विचारायला जावे तर ते दोन्ही पक्षांच्या हाती शस्त्र देते.

यहुदी धर्मशास्त्राने वाद फार लवकर संपवला. मनाई खाण्याची आहे, टोचण्याची नाही; शिवाय जीव वाचवण्यापुढे जवळजवळ सगळेच नियम मागे हटतात. डुकराच्या झडपा हृदयात बसवून घ्यायलाही तिथे अडचण येत नाही.

आता दुसरा आक्षेप, हिंसेचा. इथे पहिला युक्तिवाद असा असतो की हेपॅरिनसाठी कोणी डुक्कर मारत नाही. जगात दरवर्षी शंभर कोटींहून अधिक डुकरे मांसासाठी मारली जातात. आतड्याचे अस्तर हा त्यातला उरलेला भाग. बौद्ध विनयाच्या कसोटीवर हे पार उतरते. भिक्खूसाठी मांस तीन बाबतींत शुद्ध असावे लागते: आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा आणि तशी शंकाही नसावी. नागपूरच्या रुग्णासाठी चीनमधले डुक्कर मारले गेले नाही हे उघडच आहे. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय मात्र असा सुटू देत नाही. तिथे मारणाऱ्याबरोबर संमती देणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, सगळेच घातक ठरतात. त्या यादीत औषधाचे बिल भरणाऱ्याला कुठे बसवायचे ते प्रत्येकाने ठरवावे.

जैन विचार याहून कडक, आणि तरी संसाराला जागा ठेवणारा. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि करणाऱ्याला अनुमोदन दिलेली अशी तिन्ही प्रकारची हिंसा; तीही मनाने, वाणीने आणि कायेने. एवढ्या बारीक चाळणीतून हेपॅरिन निसटणे कठीण. पण श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थाच्या बाबतीत शास्त्र हिंसेचे चार प्रकार करते: ठरवून केलेली, घरकामात होणारी, धंद्यात होणारी आणि बचावासाठी करावी लागणारी. गृहस्थाने पहिली पूर्णपणे सोडायची. बाकीच्या तीन जमतील तितक्या कमी करायच्या. स्वतःच्या प्राणासाठी घेतलेले औषध बचावात बसते की नाही यावर दोन साधू दोन मते देतील. तरीही प्रश्नाची दिशा ठरते: चालते की नाही एवढ्यावर न थांबता, यापेक्षा कमी हिंसेचा मार्ग होता का हे विचारायचे.

याच वळणावर छांदोग्य उपनिषदातला उषस्ती चाक्रायण भेटतो. कुरूंच्या देशात पीक बुडाले होते, आणि हा विद्वान बायकोसह माहुतांच्या गावात कसाबसा दिवस काढत होता. एक माहूत उडीद खात बसला होता. उषस्तीने मागितले, माहूत म्हणाला, ताटात आहेत तेवढेच आहेत. उषस्तीने तेच, उष्टे, घेतले आणि खाल्ले. मग माहुताने पाणी पुढे केले. ते उषस्तीने नाकारले, उष्टे आहे म्हणून. माहुताने साहजिकच विचारले की उडीदही उष्टेच नव्हते का? उषस्तीचे उत्तर असे की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तिथे मिळते. ब्रह्मसूत्रांनी पुढे प्राणसंकटात कोणतेही अन्न चालते हा नियम सांगितला आणि शंकराचार्यांनी भाष्यात या कथेचा आधार घेतला. आपल्याकडे आपद्धर्म म्हणून या कथेचा पहिला अर्धा भाग सांगितला जातो. दुसरा अर्धा, पाण्याचा, गाळला जातो. सवलत गरजेएवढीच; पर्याय समोर आला की ती संपते.

मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा समितीने २००९ साली नेमके हेच म्हटले, उषस्तीचे नाव न घेता. डुकरापासून बनलेल्या क्लेक्सेन आणि फ्रॅक्सिपॅरिन या सुया निषिद्ध, कारण तेच काम करणारे अरिक्स्ट्रा हे औषध उपलब्ध आहे आणि त्यात डुक्कर नाही. अरिक्स्ट्रा म्हणजे फोंडापॅरिनक्स. हेपॅरिनच्या लांबलचक साखळीतले फक्त पाच कण खरे काम करतात हे संशोधकांनी हुडकले आणि ते पाच कण प्रयोगशाळेत, पन्नासएक पायऱ्यांच्या किचकट प्रक्रियेने, शून्यातून बांधले. २००१ पासून ते बाजारात आहे. वस्तूवर आक्षेप असणाऱ्याला यात एक कोडे आहे: ते पाच कण डुकरात सापडतात जवळजवळ तसेच काचेच्या चंबूत घडवले, तर एक अपवित्र आणि दुसरे पवित्र कसे? कृतीवर आक्षेप असणाऱ्याला कोडेच नाही. त्याला रेणूशी कर्तव्य नाही, तो कुठून आला याच्याशी आहे.

२००८ नंतर तर तोंडाने घ्यायच्या गोळ्याही आल्या: रिव्हारोक्सॅबॅन, अ‍ॅपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रॅन. सगळ्या कृत्रिम, आणि सुई टोचण्याची कटकटही नाही. आपल्याकडे आता त्या सर्रास मिळतात. साधी अ‍ॅस्पिरिनही या रांगेत आहे. कॅनडातल्या ३४२४ रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली आले, पहिले पाच दिवस रिव्हारोक्सॅबॅन देऊन मग अ‍ॅस्पिरिनवर आणलेल्यांत त्रासदायक गुठळ्या ०.६४ टक्के झाल्या, रिव्हारोक्सॅबॅनच चालू ठेवलेल्यांत ०.७० टक्के. म्हणजे सारखेच. पण ऑस्ट्रेलियात पहिल्या दिवसापासून नुसती अ‍ॅस्पिरिन देऊन तिची एनॉक्सापॅरिनशी तुलना केली, तेव्हा २०२२ साली वेगळे चित्र दिसले: नव्वद दिवसांत अ‍ॅस्पिरिनच्या गटात ३.४५ टक्के गुठळ्या, डुकराच्या औषधाच्या गटात १.८२ टक्के. पर्याय आहे म्हणून कोणताही पर्याय चालेल असे नाही.

आणि निसर्ग इथे कोणाच्याच व्रताची पर्वा करत नाही. फोंडापॅरिनक्स मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णाला ते देता येत नाही, आणि सांधे बदलायला येणाऱ्या सत्तरीच्या मधुमेह्यांत अशांची संख्या कमी नसते. त्याचा असर निम्म्यावर यायलाच जवळजवळ पूर्ण दिवस लागतो आणि रक्तस्राव सुरू झाला तर त्यावर नेमका उतारा नाही. हेपॅरिनला उतारा आहे, प्रोटामीन. ते सामन माशाच्या वीर्यापासून काढतात.

मग रुग्णाला सांगायचे का? चरकसंहितेत राजयक्ष्म्याच्या चिकित्सेत एक थक्क करणारा सल्ला आहे. क्षीण झालेल्या रुग्णाला मांस हवे, पण काही मांसांचे नाव ऐकूनच तो ओकेल. म्हणून कावळा तित्तिर म्हणून वाढावा, साप वर्मी मासा म्हणून, तळलेले गांडूळ माशाची आतडी म्हणून. खरे कळले तर किळसेने खाणार नाही, खाल्ले तरी उलटी करील. तेव्हा लपवूनच द्यावे. आजच्या इस्पितळात कोणी चरकाचे नाव घेत नाही, पण चाल तीच आहे. ‘रक्त पातळ करायचं इंजेक्शन आहे, आजी’ हे वाक्य खोटे नसते. त्यात कावळ्याचा तित्तिरही केलेला नसतो. फक्त कोणता पक्षी ते बोलले जात नाही.

कायद्याने हा प्रश्न अर्धवट सोडला आहे. खाद्यपदार्थांवर हिरवा आणि तपकिरी ठिपका आला, मग औषधांवर का नको, असे प्राणिप्रेमींनी न्यायालयात विचारले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ साली औषधांवरही खूण असावी असे म्हटले, पण जीवरक्षक औषधे वगळली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेशच रद्द केला. दुसरीकडे, २००८ च्या समीरा कोहली खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले होते की उपचाराचे पर्याय आणि धोके रुग्णाला कळलेच पाहिजेत. पर्यायात औषधाचा उगम येतो का, हे तिथे कोणी विचारले नव्हते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मात्र आपल्या मार्गदर्शिकेत साफ लिहिले आहे: हेपॅरिन प्राणिज आहे, काहींना ते खटकू शकते, तेव्हा बोला आणि पर्यायांचे फायदे-तोटे समजावून सांगा.

डॉक्टरांची बाजूही रास्त आहे. सगळे सांगायला गेले तर रुग्ण सुई नाकारील आणि आठव्या दिवशी गुठळी होऊन परत येईल, ही त्यांची भीती. पण गुडघा बदलण्याची तारीख आधी ठरवलेली असते. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख, कवळी आहे का, कशाची अ‍ॅलर्जी, रक्त चढवायला हरकत आहे का, हे सगळे भूलतज्ज्ञ आधी विचारतात. त्याच कागदावर औषधाच्या उगमाबद्दल एक ओळ घालायला काय लागते? तेव्हा विचारले तर हाती वेळ असतो: क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कितपत काम करतात ते, पाहून गोळी ठरवता येते, मौलवींना किंवा महाराजांना फोन करता येतो. शस्त्रक्रियेच्या रात्री, सुई हातात आल्यावर, मुलाने फोनवर काहीतरी वाचून ओरडायला सुरुवात केली तर कोणालाच धड विचार करता येत नाही. मग प्राणसंकट खरेच उभे राहते, पण ते आपणच ओढवून घेतलेले असते.

पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे वेगळे. तो रात्री रुग्णवाहिकेतून येतो, निर्जल झालेला, मूत्रपिंडे अर्धी बंद, शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत करावी लागणार. गोळ्या धोक्याच्या, फोंडापॅरिनक्स वर्ज्य. अशा वेळी उरते ते साधे हेपॅरिन, पाच हजार युनिट, दिवसातून दोन-तीन वेळा पोटावर, डुकराचेच. गळ्यात तुळशीची माळ असली तरी ते द्यावे लागते. शुद्धीवर असेल तर त्याला, नसेल तर मुलांना, काय देत आहोत ते सांगून. त्याची मूत्रपिंडे सावरली आणि पाचव्या दिवशी गोळी सुरू करता आली, तर हेपॅरिन त्याच दिवशी बंद करायचे.